पड : एरंडोलच्या रानाची आणि दोन अभावांची गोष्ट



सातबाऱ्याचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात घेतलेला आहे. पिकाच्या रकान्यात कापूस, ज्वारी, मका अशी नावं असतात, आणि कुठे कुठे नुसता 'पड' एवढाच शेरा असतो. आज आम्ही बोलणार आहोत ते या दोन अक्षरांबद्दल. जमीन पड पडते कशी, ती मोडून काढायला काय लागतं, आणि ती मोडताना आपण तिच्याबरोबर आणखी काय काय मोडतो, असा हा क्रम आहे. उदाहरण घरचंच घेऊ. एरंडोल आणि त्याच्या भोवतालचा खान्देश.

पहिली गोष्ट ही की पड जमीन रिकामी कधीच नसते. नांगर थांबला की पहिल्याच पावसाळ्यात तरोटा, केना, आघाडा, गोखरू उठतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हराळी आणि कुंदा पाय रोवतात. मग बांधावरची बोर आत सरकते, तिच्यामागून हिवर, बाभूळ, पळस येतात. झाडं पुरुषभर उंच झाली की वेलींना आधार मिळतो. गुळवेल चढते. चिल्हारीचे काटेरी फाटे एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. नाल्याकाठी पळसवेल मनगटाएवढी जाड होते. दहा-पंधरा वर्षांत अशी जाळी बनते की गुराखीसुद्धा गुरामागे आत शिरत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत रान 'माजतं'. माजणं हा शब्द आपण माणसालाही लावतो, तेव्हा त्यात निंदा असते. ही निंदा कुठून येते ते पुढे पाहू.

दोनशे वर्षांपूर्वी खान्देशाचा मोठा भाग असाच जाळीखाली गेला होता. १८०२-०३ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला. पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्या भांडणात भरडला गेला तो इथला कुणबी. त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. पेरायला बी नाही, ओढायला बैल नाही, आणि गावात माणूस नाही. पुढची पंधरा वर्षं पेंढारी, अरब शिबंदी आणि सगळ्यांची वसुली. १८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेर पडलं, जूनमध्ये मालेगावचा किल्ला पडला आणि इंग्रजी अंमल बसला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खान्देशचा कारभार पाहायला आला आणि धुळे हे कारभाराचं ठाणं झालं. फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यातलं खान्देशचं वर्णन इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं आहे. काही भागांत शेती अजून उत्तम आहे, काही भाग नुकतेच टाकलेले दिसतात, पण बराच मोठा भाग दाट झाडीने भरलेला, वाघांचा, आणि त्या झाडीत जागोजागी गावांचे अवशेष, असा त्याचा आशय आहे. तापीच्या उत्तरेचा, एकेकाळी गजबजलेला पट्टा तर जवळजवळ निर्मनुष्य रान झाला होता. त्या पहिल्या वर्षांत वाघांनी माणसं शेकड्यांनी आणि गुरं हजारांनी मारल्याच्या नोंदी आहेत.

आता इथे आम्हांला जरा तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिरावं लागेल. घाबरू नका, लगेच बाहेर येऊ.

आपल्या न्याय-वैशेषिकांनी 'नाही' या शब्दाचा फार बारकाईने विचार केला. त्यांनी अभावाचे प्रकार सांगितले. त्यांतले दोन आज आपल्या कामाचे आहेत. कुंभाराने घडवण्यापूर्वी घट नसतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण घट झाला की तो संपतो. आणि घट फुटल्यावर जो घट नसतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही, कारण फुटलेला तोच घट पुन्हा होत नाही. दोन्ही वेळी तुमच्यासमोर घट नाही. डोळ्यांना दिसतं ते सारखंच. पण एका 'नाही'ला इतिहास नाही, आणि दुसऱ्याला आहे.

एल्फिन्स्टनच्या अहवालातलं रान कोणत्या प्रकारचं होतं? उघड आहे, दुसऱ्या. वेलींखाली घरांचे चौथरे होते, बुजलेल्या विहिरी होत्या, बांध होते. ते रान म्हणजे मोडलेला गाव होता. एल्फिन्स्टनला ते दिसलं, कारण त्याने अवशेषांची नोंद केली. पण पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जमिनीचा हिशेब जसजसा कागदावर आला तसतसा हा भेद पुसट होत गेला. कागदावर एकच शब्द उरला, पड. म्हणजे लागवड नसलेली. कधीच नव्हती, की होती आणि बुडाली, हा प्रश्न रकान्यात मावत नाही.

जमिनीचं झालं तेच माणसांचं. भिल्ल म्हटलं की जंगलातला, अनादिकाळापासूनचा रानातला माणूस, असं एक चित्र तयार झालं. म्हणजे प्रागभाव! यांच्याकडे शेती, गाव, हक्क कधी नव्हतेच, आता आम्ही देतो. वस्तुस्थिती काय होती? खान्देशातल्या किती तरी गावांत भिल्ल हा गावाचा जागल्या होता. शिवेची राखण करायची, चोराचा माग काढायचा, आणि त्याबद्दल गावाच्या पिकात त्याचा ठरलेला वाटा असायचा. गाव उजाड झालं तेव्हा वाटा देणाराच उरला नाही. पोट घेऊन तो सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरांत गेला, आणि पुष्कळ जण लुटीवर जगू लागले. शेतात कुंदा शिरला आणि भिल्ल रानात शिरला, या दोन्हींचं कारण एकच, मोडलेलं गाव.

इंग्रजांनी पहिली काही वर्षं बंदुकीने प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. जमला नाही. १८२५ मध्ये धोरण बदललं. भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्या, आणि जेम्स औट्रमने आपल्या शेजारच्या धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. औट्रमचं नाव सर्वांना ठाऊक असतं, कारण त्याच्या शिकारीच्या आणि शौर्याच्या गोष्टी आहेत. आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं काम दुसरं होतं. कन्नडला ओव्हन्ससारखे अधिकारी भिल्लांना जमीन, बी, बैल आणि तगाई देऊन वसवत होते. तलवारीपेक्षा हे काम फार संथ आणि कंटाळवाणं. पण पड मोडायची ती अशीच मोडते.

कारण पड मोडणं म्हणजे काय काम आहे, ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. आधी वेली. अनुभवी माणूस वेल कधी ओढत नाही. तो ती बुडाशी तोडतो, मग छातीच्या उंचीवर तोडतो, मधला तुकडा काढून टाकतो आणि वरची जाळी झाडावरच वाळू देतो. हिरवी वेल ओढली तर फांदीसकट अंगावर येते. वाळलेली आपोआप मोकळी होते. मग झुडपं. बोर किंवा बाभूळ जमिनीच्या वर तोडली तर पुढच्या पावसात एका खोडाच्या जागी दहा फुटवे. म्हणून खुंट उकरून मानेखाली, जिथे खोडाचं मूळ होतं त्याच्याही खाली, तोडावा लागतो. कुऱ्हाड सोपी, कुदळ अवघड. सातपुड्यासारख्या डोंगरांत आज टणटणीचे रान माजले आहे, तिच्याबाबत दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी मांडलेली पद्धतही हीच, मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडायचा. शास्त्रज्ञ आणि कुदळवाला इथे एका जागी येतात.

आणि मग गवत. खरी लढाई इथे. कुंदा काळ्या जमिनीत इतका खोल जातो की लाकडी नांगराला तो लागतच नाही. वखर त्याच्या डोक्यावरून फिरतो. हराळी तोडाल तितकी वाढते, कारण तिच्या प्रत्येक कांड्याला नवं झाड व्हायची परवानगी आहे. लव्हाळ्याच्या मुळांना गाठी असतात. वरचं पातं उपटलं की गाठ खाली राहते, आणि एक गाठ दोन होतात. लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर ग्रंथ लिहिला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हराळीचा. म्हणजे जगातले पहिले दोन मानकरी आपल्याच बांधावर बसलेत, बरं का!

आता गंमत पाहा. हीच हराळी म्हणजे दूर्वा. इथून जवळच पद्मालयाला गणपतीपुढे आपण तिची जुडी वाहतो. आणि लव्हाळा म्हणजे मुस्ता, वैद्याच्या औषधांतला. शेतात शत्रू, देवळात पूजनीय, वैद्याकडे औषध. वनस्पती एकच. मग 'तण' हा वनस्पतीचा गुण आहे का? नाही. तण हा संबंध आहे. आपल्या हेतूचा आणि त्या झाडाचा जागेवरून झालेला तंटा म्हणजे तण. म्हणून तर 'माजणं' या शब्दात निंदा येते. ज्याने आपली पायरी सोडली तो माजला. पायरी ठरवली कोणी, हे आपण विचारत नाही.

जमीन मोडायला वर्षं लागतात हे जुन्या राजवटींना माहीत होतं. म्हणून इस्ताव्याची पद्धत होती. पड जमीन मोडणाऱ्याला कौल द्यायचा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. या चढत्या साऱ्यात मुळांचं शास्त्र आहे. हराळी किती वर्षं परत येते ते हिशेबनिसाला ठाऊक होतं. पेशवाईत हे चालत असे, इंग्रजी अंमलातही सवलतीच्या साऱ्याने पड देण्याचा प्रघात राहिला. पुढे विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पद्धतीची मोजणी आली. सर्व्हे नंबर, प्रतवारी, तीस वर्षांचा सारा. त्यात सोय होती, पण मोजणी म्हणजे सारावाढ अशी भीतीही होती. १८५२ साली खान्देशात सावदा-फैजपूरच्या बाजूला मोजणीविरुद्ध शेतकरी हजारोंनी जमले आणि सरकारला फौज आणावी लागली. ज्याने स्वतःच्या पाठीने पड मोडली त्याला साखळी घेऊन येणारा मोजणीदार कसा दिसला असेल, याची कल्पना करता येते.

त्यानंतरच्या दहा वर्षांत दोन गोष्टी झाल्या. रेल्वे खान्देशात आली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते ६५, कापसाचा भाव चढवला. आता पड मोडायला सरकारने आर्जव करण्याची गरज राहिली नाही. १८८१ च्या खानेसुमारीत खान्देशची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. गावांचे चौथरे परत उभे राहिले. ही मोठीच गोष्ट आहे, ती आम्ही कमी लेखत नाही. पण त्याच सुमारास, १८७८ साली, वनकायदा आला. उरलेलं रान आता सरकारी झालं. ज्या भिल्लाचा गावातला वाटा पूर्वीच बुडाला होता, त्याचा रानातला वाटाही आता गुन्हा ठरू लागला. मोहाची फुलं, सरपण, डोंगरउतारावरची नागली, सगळ्यालाच. २००६ च्या वनहक्क कायद्यात 'ऐतिहासिक अन्याय' हा शब्द आला तो यासाठी. तो अन्याय तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचा तर असा: प्रध्वंसाभावाला प्रागभाव म्हटलं गेलं. हिरावलेल्याला 'कधी नव्हतंच' असं लिहिलं गेलं. आजही वनहक्काच्या दाव्यात भिल्ल किंवा पावरा बाईला विचारतात, कागद दाखव. ज्या रानात तिच्या आज्याचा माळ होता, तिथे सरकारी कागदावर झाडांशिवाय काहीच नव्हतं.

एरंडोलकरांना याची एक जुनी आठवण आहेच. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, आणि पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुर मारला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. रान म्हणजे राक्षस, तो गाडाभर भात आणि माणूस खातो, वीर येतो आणि गाव सुटतं. पण त्याच आदिपर्वात पुढे दुसरं रान आहे, खांडववन. ते अर्जुन आणि कृष्णाच्या साह्याने अग्नीने जाळलं, आणि आतून फक्त सहा जीव वाचले. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी. इरावती कर्व्यांनी 'युगान्ता'त या जाळपोळीकडे आपलं लक्ष वेधलं. व्यासांनी वाचलेल्यांची मोजदाद ठेवली हे आम्हांला फार महत्त्वाचं वाटतं. रान साफ करणाऱ्याने निदान ती मोजदाद तरी ठेवावी.

विसाव्या शतकात अवजार बदललं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज होता, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे हाच नांगर काळ्या जमिनीत कुंद्यापर्यंत पोचला. युक्ती सोपी होती. चैत्र-वैशाखात खोल नांगरायचं, ढेकळं उलथी पाडायची आणि मुळं उन्हाला द्यायची. खान्देशचं ऊन हेच आपलं सर्वांत जुनं आणि फुकटचं तणनाशक. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशातल्या कांस गवतासाठी सरकारने ट्रॅक्टरची संघटनाच उभारली, आणि १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते मुख्यतः याच गवतावर चालून जायला. गवताच्या मुळांसाठी देशाने डॉलरमध्ये कर्ज काढलं!

काही तणं तर आपणच बोलावली. १७९५ साली किरमिजी रंगाचा किडा म्हणून ब्राझीलमधून एक किडा आणला गेला. तो भलताच निघाला, रंग काही मिळाला नाही, पण त्याने निवडुंगाची एक जात फस्त केली. त्यावरून धडा घेऊन १९२६ मध्ये सिलोनहून दुसरा किडा आणला आणि त्याने दक्षिणेकडच्या फड्या निवडुंगाची रानं झोपवली. तणाला मारायचं तर त्याचा शत्रू शोधा, हा विचार तिथून रुजला. काँग्रेस गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा हा १९८४ च्या सुमाराचा, त्याच वंशातला.

काँग्रेस गवताबद्दल एक ऐकीव गोष्ट सगळीकडे चालते, की ते अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आलं. इतिहासाचा विद्यार्थी आधी तारखा ताडतो. तो करार भारताशी झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. आणि पुण्यात हे गवत अभ्यासकांच्या नजरेला आलं ते १९५५-५६ च्या सुमारास. कराराच्या गव्हाने बोट गाठून, दळून, उकिरड्यावर पडून उगवायला एवढा वेळ मिळतो का, तुम्हीच पाहा. गहू मिलो म्हणून ज्याचा अपमान वाटला त्याच्यावर गवताचा आळ घालणं सोपं होतं, एवढंच यातून दिसतं. तणाप्रमाणे अफवेलाही मुळं खोल असतात.

आता आजच्या दिवसाकडे येऊ, कारण इथेच खरं काही पणाला लागलं आहे. खान्देशात आपण खुरपणीला निंदणी म्हणतो. निंदणी बाईच करते, ओणवी बसून, हातात खुरपं घेऊन, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या फावड्याने शेतमजुरांच्या पाठी मोडत, म्हणून १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. आपल्याकडे खुरप्याबद्दल असा विचार विधिमंडळात कोणी मांडल्याचं आमच्या ऐकिवात नाही. मजुरी वाढली, बाया मिळेनात, म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळला. त्याचं गणित चुकीचं नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारा, परवानगी नसलेला कापूस उघडपणे लावून सत्याग्रह केला. २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटच्या फवारणीवर बंधनं घातली. एक बाजू म्हणते विष आहे, दुसरी म्हणते परवडत नाही. दोघंही खरं बोलतात. पण या वादात निंदणीवालीला कोणी विचारत नाही. फवारा आला की तिची पाठ वाचते आणि रोजही जातो. शिवाय ती निंदताना बाजूला काढून ओटीत भरते ती तांदूळजा, ती चिवळ, ती घोळ, संध्याकाळची तिच्या घरची भाजी असते. मालकाच्या हिशेबात ते तण. फवाऱ्याला हा भेद कळत नाही. हाताला कळतो.

तेव्हा काही जण विचारतील, तुमचं म्हणणं काय, पड मोडूच नये? अजिबात नाही. ज्याची जमीन हराळीने खाल्ली त्याला तण हा संबंध आहे वगैरे प्रवचन देणं हा क्रूरपणा आहे. कुंदा खणलाच पाहिजे. वेडी बाभूळ गायरान गिळते आहे, ती मानेखालीच तोडली पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच की कुदळ मारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ही जागा पड का पडली? आणि हिच्यावर आज कोण जगतं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर न शोधता साफ केलेली जमीन पुन्हा माजते, कारण नांगर थांबण्याचं कारण तसंच राहतं, मग ते कर्ज असो, भाऊबंदकीतला दावा असो किंवा मुंबई-सुरतला गेलेला मुलगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न शोधता साफ केलेली जमीन कोणाच्या तरी पोटावर येते, आणि त्याचा हिशेब शंभर-दीडशे वर्षांनी एखाद्या कायद्याच्या प्रस्तावनेत द्यावा लागतो.

नैयायिक म्हणतात प्रध्वंसाभावाला शेवट नाही. फुटलेला घट तोच परत येत नाही, हे खरं. शेतकरी म्हणतो, हराळी तर तीच परत येते हो! त्याचं उत्तर असं, की ती गेलेलीच नव्हती, खाली होती. गावांचंही थोडं तसंच आहे. १८१८ चं रान पाहून हा मुलूख कायमचा गेला असं कोणालाही वाटलं असतं. पण जाळीखाली बांध होता, विहीर होती, आणि डोंगरात का होईना, माणूस होता. ज्यांनी तो शोधला, त्याला बी आणि बैल दिले, धीर धरला, त्यांच्यामुळे आज आपण इथे बसलो आहोत. पुढच्या वेळी उताऱ्यावर 'पड' हा शेरा दिसला, तर तो शेवटचा शब्द आहे असं समजू नका. खाली काय आहे ते उकरून पाहा.